‘कोच ऑफ द इयर’ला किती वजन द्यायचं? अमेरिकन कॉलेज सॉकरबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर

कोल्हापूरच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगा बारावीत आहे, पेठेतल्या तालमीच्या संघातून मिडफिल्डला खेळतो, शाहू स्टेडियमवर चांगलं नाव आहे. त्याला अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पुरुष सॉकर संघाच्या कोचचा ईमेल आलाय. सोबतच्या माहितीपत्रकात कोचच्या फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘तीन वेळा कॉन्फरन्स कोच ऑफ द इयर’. वडिलांना विचारायचंय की हे पुरस्कार देतं कोण, कशावरून देतं, आणि पोराला सातासमुद्रापार पाठवताना यावर किती विसंबायचं.

मी बरीच वर्षं अमेरिकेत कॉलेज संघांबरोबर सहायक कोच म्हणून काम करतोय. या पुरस्कारांची मतपत्रिका भरताना मुख्य कोचच्या शेजारी बसणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. पुरस्कार खरा असतो, विकत वगैरे मिळत नाही. पण तो म्हणजे एका हंगामाबद्दल त्या कोचच्या प्रतिस्पर्ध्यांनी दिलेलं मत. तुमच्या मुलाला तो कोच कसा घडवेल, किती खेळवेल, चार वर्षं तिथे राहील का, यातलं काहीच त्या मतपत्रिकेत विचारलेलं नसतं.

आता ‘कॉन्फरन्स’ म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत कॉलेजं दहा-पंधराच्या गटांत बांधलेली असतात आणि हंगामाचे बरेचसे सामने त्या गटातच होतात. प्रत्येक गट आपापला कोच ऑफ द इयर निवडतो. साखळी सामने साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतात. मग कॉन्फरन्सच्या ऑफिसातून प्रत्येक मुख्य कोचला ऑनलाइन मतपत्रिका येते. तिच्यात पहिला संघ, दुसरा संघ, सर्वोत्तम आक्रमक, सर्वोत्तम बचावपटू, गोलकीपर, पहिल्या वर्षाचा उत्तम खेळाडू अशी मोठी यादी भरायची असते. स्वतःच्या खेळाडूला मत द्यायचं नाही आणि स्वतःलाही नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी आहे. कोच लॅपटॉप उघडून बसतो, आम्ही सहायक समोर, आणि तासभर वाद चालतो. ‘तो डावखुरा आठ नंबर, दुसऱ्या हाफमध्ये आपल्याला नाचवलं होतं तो, त्याला पहिल्या संघात घ्यायचा की दुसऱ्या?’ मग व्हिडिओ काढला जातो, कुणी म्हणतं एकाच सामन्यावरून ठरवू नका. कोच ऑफ द इयरची ओळ साधारण तळाशी असते. ती अर्ध्या मिनिटात भरून होते.

त्या अर्ध्या मिनिटात डोक्यात येतात त्या दोनच गोष्टी. गटात पहिला कोण आला, आणि कुणाकडून अपेक्षा नसताना कोण वर आलं. पहिला आलेला संघ नेहमीचाच असेल तर मत बऱ्याचदा दुसरीकडे झुकतं. म्हणजे सलग चार वर्षं गट जिंकणाऱ्या कोचला चौथ्या वर्षी पुरस्कार मिळेलच असं नाही. तो जिंकणारच होता, त्यात काय, असं सगळ्यांना वाटतं. उलट आठव्या नंबरचा संघ तिसरा आला की त्याच्या कोचला मतं मिळतात. दोन्ही निकष आपापल्या जागी रास्त आहेत, पण दोन्हींचा अर्थ एक नाही.

तुमच्या कोचला कुठल्या कारणाने मिळाला हे घरबसल्या शोधता येतं. ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, बहुतेक कॉन्फरन्स कोचांकडून अंदाज मागवून क्रमवारी जाहीर करतात. ती त्यांच्या वेबसाइटवर जुन्या वर्षांचीसुद्धा सापडते. ज्या तीन वर्षांत पुरस्कार मिळाला, त्या वर्षांचा ऑगस्टचा अंदाज आणि नोव्हेंबरचं टेबल शेजारी ठेवा. अंदाज सातवा आणि शेवट दुसरा असेल, तर त्या माणसाने आहे त्या पोरांतून काहीतरी उभं केलंय. अंदाजही पहिला आणि शेवटही पहिला असेल, तर त्याच्याकडे भरती चांगली होते, पैसा आहे, नाव आहे. तुमच्या मुलाच्या दृष्टीने पहिला प्रकार जास्त कामाचा, असं माझं मत. माझ्या सहकाऱ्यांपैकी निम्मे तरी ते मान्य करणार नाहीत.

गट केवढा आहे हेही बघा. एसीसी या कॉन्फरन्समध्ये आज पुरुष सॉकरचे १५ संघ आहेत, बिग टेनमध्ये ११. पॅक-१२ नावाच्या कॉन्फरन्समध्ये मात्र, ती २०२४ मध्ये विस्कटेपर्यंत, पुरुष सॉकर खेळणारे संघ होते अवघे सहा. नाव बाराचं, स्पर्धा सहांची. सहांत पहिला येणं सोपं, असं म्हणायच्या आधी ते सहा कोण होते हेही पाहावं लागतं. त्यात स्टॅनफर्ड होतं आणि युसीएलए होतं. स्टॅनफर्डच्या जेरेमी गन यांनी याच छोट्या गटात राहून २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यामुळे आकड्यावर थांबू नका. गटातले बाकीचे संघ बाहेरच्यांशी खेळताना काय करतात ते बघा.

इथे थोडं विषयांतर, पण भारतातल्या पालकांची इथे हमखास गफलत होते. टेक्सास, फ्लोरिडा, अलाबामा ही नावं मोठी, तर त्यांचा सॉकर संघही मोठा असेल असं वाटतं. त्यांच्याकडे पुरुषांचा विद्यापीठ-पातळीचा सॉकर संघच नाही. ज्या एसईसी कॉन्फरन्समध्ये ती आहेत, ती पुरुष सॉकर खेळवतच नाही. केंटकी आणि साउथ कॅरोलायना ही त्याच कॉन्फरन्सची विद्यापीठं सॉकरपुरती सन बेल्ट या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाऊन खेळतात. याचं एक मोठं कारण हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल. त्यात शंभराच्या आसपास मुलं लागतात, आणि मुलामुलींना खेळात समान संधी देण्याचा टायटल नाइन हा १९७२ चा कायदा पाळायचा, तर मुलांच्या बाजूने काहीतरी कमी करावं लागतं. अनेक ठिकाणी ती कुऱ्हाड सॉकरवर पडली.

कॉन्फरन्सच्या वर राष्ट्रीय पुरस्कार. हे प्रामुख्याने युनायटेड सॉकर कोचेस ही संघटना देते. १९४१ मध्ये सुरू झालेली ही कोचांची संघटना २०१७ पर्यंत एनएससीएए या नावाने ओळखली जायची. तिच्या पुरस्कारांत आधी विभागवार निवड होते आणि त्यातून राष्ट्रीय विजेता ठरतो, तोही डिव्हिजन वन, टू, थ्री (एनसीएए या कॉलेज-खेळांच्या मुख्य संस्थेचे तीन स्तर), एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी संस्था), दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं असा प्रत्येक स्तरावर वेगळा. म्हणजे एकाच वर्षात ‘नॅशनल कोच ऑफ द इयर’ म्हणवणारे अनेक जण असतात आणि त्यात खोटं कुणीच बोलत नसतं. माहितीपत्रकात स्तर लिहिलेला नसेल, तर तो शोधा.

या राष्ट्रीय पुरस्कारावर राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या, डिसेंबरमध्ये संपणाऱ्या बाद फेरीची सावली पडते. डिव्हिजन वनची ही बाद फेरी १९५९ पासून चालू आहे. पहिली स्पर्धा सेंट लुईस विद्यापीठाने जिंकली, आणि दहा विजेतेपदांसह अजूनही तेच सगळ्यांत पुढे आहे. एका सामन्यात हरलात की बाहेर, अशी ही स्पर्धा, त्यामुळे नशिबाचा हात मोठा. २०२० चा हंगाम करोनामुळे लांबला आणि अंतिम सामना मे २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी इथे झाला. वेस्ट व्हर्जिनियाचं मार्शल विद्यापीठ मानांकनाशिवाय आलं होतं. त्यांनी अव्वल मानांकित क्लेमसनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं, मग गतविजेत्या जॉर्जटाउनला, नॉर्थ कॅरोलायनाला आणि शेवटी जादा वेळेत इंडियानाला १-० ने. क्रिस ग्रासी या इंग्लिश कोचचं नाव त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत झालं. क्लेमसनविरुद्ध दोन पेनल्टी इकडच्या तिकडे गेल्या असत्या, तर तोच कोच, तीच तयारी, तीच मुलं, आणि बातमी दुसऱ्या कुणाची तरी. क्लेमसनचे माइक नूनन पुढच्याच हंगामात, २०२१ मध्ये, विजेते झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा. मे महिन्यात ते कमी दर्जाचे कोच होते आणि डिसेंबरात थोर झाले, असं काही घडलं नव्हतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. अलीकडे युनायटेड सॉकर कोचेस हा सन्मान एका माणसाऐवजी संपूर्ण ‘कोचिंग स्टाफ’ला देऊ लागली आहे. मी स्वतः सहायक असल्याने मला त्याचा आनंद होणारच, पण कारण तेवढंच नाही. तुमच्या मुलाचे व्हिडिओ आधी बघतो तो सहायक. रात्री भारतीय वेळेचा हिशोब करून फोन करतो तो सहायक. पहिल्या वर्षी मुलगा राखीव बाकावर बसून हिरमुसला की सरावानंतर त्याला थांबवून वीस मिनिटं पासिंग करून घेतो तोही बहुधा सहायकच. त्यामुळे माहितीपत्रकावरच्या तीन पुरस्कारांच्या वर्षी त्या कोचबरोबर सहायक कोण होते आणि ते आज कुठे आहेत, हे शोधाच. कॉलेजच्या वेबसाइटवर जुन्या हंगामांची पानं असतात, नावं मिळतात. तिन्ही पुरस्कार एकाच सहायकाच्या काळातले असतील आणि तो गेल्या वर्षी दुसरीकडे मुख्य कोच झाला असेल, तर तुम्ही ज्याच्यावर विसंबताय ते अर्धं सामान हलवून नेलं गेलंय.

याच्या उलट उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या मेसायाचं. डिव्हिजन थ्रीमधलं हे छोटं ख्रिस्ती कॉलेज. डेव्ह ब्रँट यांनी २००० ते २००८ या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि ते नेव्हीच्या, म्हणजे नौदल अकादमीच्या, संघाचे कोच म्हणून गेले. त्यांच्यामागे ब्रॅड मॅकार्टी आले आणि २००९ मध्ये, पहिल्याच हंगामात, पुन्हा विजेते. पुढे २०१०, २०१२, २०१३, २०१७. इथे यश एका माणसाच्या खिशात नव्हतं, ते सरावाच्या पद्धतीत होतं. इंडियानातही हेच दिसलं. जेरी येगली यांनी १९६३ मध्ये तिथे क्लब संघ हाती घेतला, दहा वर्षं खटपट करून १९७३ मध्ये त्याला विद्यापीठ संघाचा दर्जा मिळवून दिला, आणि २००३ मध्ये सहावं राष्ट्रीय विजेतेपद घेऊन निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे जुने सहायक माइक फ्रायटॅग यांनी ते राखलं.

पुरस्कार मिळालेला कोच टिकेल का, हा प्रश्न तुमच्या पत्रात नव्हता, पण तो विचारायला हवा. व्हर्जिनियाला १९८९ ते १९९४ मध्ये पाच विजेतेपदं देणारे ब्रूस अरेना नवीन सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरमध्ये गेले आणि पुढे राष्ट्रीय संघाचे कोच झाले. अॅक्रनला २०१० मध्ये विजेते करणारे केलेब पोर्टर २०१२ च्या हंगामानंतर पोर्टलंडच्या व्यावसायिक संघाकडे गेले. व्हरमाँटने डिसेंबर २०२४ मध्ये मार्शलला २-१ ने हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि कोच रॉब डाऊ त्याच महिन्यात पेन स्टेटचे झाले. यात गैर काही नाही. पुरस्कार हा कोचच्या बायोडेटामधला सगळ्यात ठळक शब्द असतो आणि बरेचदा कराराशीही बांधलेला असतो. कॉन्फरन्स कोच ऑफ द इयर झाला तर एवढे डॉलर, राष्ट्रीय झाला तर एवढे, अशी कलमं करारात सर्रास असतात. विद्यापीठ सरकारी असेल तर हे करार सार्वजनिक दस्तऐवज असतात आणि स्थानिक वृत्तपत्रं त्यावर बातम्या करतात. कोचच्या कराराची मुदत कधी संपते एवढं कळलं तरी पुष्कळ.

एक तुलना आपल्याकडच्यांना उपयोगी पडेल. द्रोणाचार्य पुरस्कार हा केंद्र सरकारचा. १९८५ पासूनचा, अर्ज आणि निवड समितीमार्फत दिला जाणारा, आणि फुटबॉलच्या वाट्याला क्वचित येणारा. धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय साखळी विजेतेपदं मिळवून देणारे गोव्याचे आर्मांदो कुलासो यांना तो २०२४ चा जीवनगौरव म्हणून मिळाला, तोपर्यंत त्यांची कारकीर्द जगजाहीर होती. त्यामुळे ‘पुरस्कारप्राप्त प्रशिक्षक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक आयुष्यभराचं काम येतं. अमेरिकेतला कॉन्फरन्स पुरस्कार त्या जातीचा नाही. तिथे दरवर्षी, प्रत्येक स्तरावर, प्रत्येक गटात कुणाला तरी तो द्यावाच लागतो.

आयुष्यभराच्या कामासाठी तिथे वेगळे सन्मान आहेत. कॉलेज सॉकरच्या दीर्घ सेवेसाठीचा बिल जेफ्री पुरस्कार त्यातला एक. स्कॉटलंडहून आलेले जेफ्री १९२६ ते १९५२ पेन स्टेटचे कोच होते, आणि १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलच्या बेलो होरिझोंटे इथे इंग्लंडला १-० ने हरवणाऱ्या अमेरिकन संघाचेही. असा काही सन्मान कोचच्या नावापुढे दिसला तर त्याला वजन द्या. ओहायो वेस्लियनचे जे मार्टिन यांच्यासारखे लोक, ज्यांनी डिव्हिजन थ्रीमध्ये राहून ७०० पेक्षा जास्त सामने जिंकले, ते याच पठडीतले.

आणि डिव्हिजन थ्री म्हणजे दुय्यम, असं धरून चालू नका. २०२२ मध्ये शिकागो विद्यापीठाने डिव्हिजन थ्रीचं पुरुष विजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांच्या कोच होत्या जुलियान सिच. पुरुषांचा एनसीएए सॉकर किताब जिंकून देणारी ही पहिली महिला मुख्य कोच, तीही त्या पदावरच्या पहिल्याच हंगामात आणि एकही सामना न हरता. त्याच हंगामात शिकागोची गाठ न्यू यॉर्क विद्यापीठाशी पडली. तिथल्या कोच किम वायंट, अमेरिकन महिला राष्ट्रीय संघाच्या पहिल्या गोलकीपर. पुरुषांच्या एनसीएए सामन्यात दोन्ही बाकांवर महिला मुख्य कोच असण्याचा तो पहिला प्रसंग. अशा प्रशिक्षणाचं मोल एका ओळीच्या बिरुदावरून कधी कळलं नसतं.

फक्त पैशांचं गणित आधी समजून घ्या. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, मिळते ती अभ्यासावरची किंवा आर्थिक गरजेवरची. डिव्हिजन वनमध्ये २०२५ पर्यंत एका पुरुष सॉकर संघाला जास्तीत जास्त ९.९ स्कॉलरशिप देता येत होत्या आणि त्या पंचवीस-तीस मुलांत तुकडे करून वाटल्या जायच्या. आता नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांना ती मर्यादा नाही, पण संघ २८ जणांचाच ठेवायचा आहे. स्कॉलरशिपची मर्यादा उठली म्हणजे पैसा वाढला असं नाही, अनेक कॉलेजांकडे ९.९ इतकेही कधी नव्हते. कोचच्या ईमेलमध्ये ‘स्कॉलरशिपची संधी’ असं मोघम लिहिलं असेल तर वर्षाचा पूर्ण खर्च किती आणि त्यातले किती डॉलर तुम्ही भरणार, हा आकडा लेखी मागा. तो यायच्या आधी विमानाचं तिकीट बघायलाही जाऊ नका.

दोन पुरस्कार असे आहेत जे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतात आणि पालकांनी मुद्दाम शोधावेत. युनायटेड सॉकर कोचेस संपूर्ण संघाची सरासरी जीपीए (अभ्यासातले गुण, चारपैकी) ३.० किंवा त्याहून जास्त असेल तर टीम अकॅडमिक अवॉर्ड देते. आणि पिवळी-लाल कार्डं कमी मिळवणाऱ्या संघांना वर्तणुकीचा वेगळा सन्मान आहे. यात कुणाचं मत लागत नाही, मार्कांची आणि कार्डांची नोंद लागते. ज्या संघाला अभ्यासाचा पुरस्कार वर्षानुवर्षं मिळतोय, तिथे कोच सामन्याच्या प्रवासात बसमध्ये पोरांना पुस्तकं उघडायला लावतो, एवढं मी सांगू शकतो. कारण तसं न करता तो मिळत नाही.

आता त्या ईमेलला उत्तर काय द्यायचं. पुरस्कारांबद्दल अभिनंदन करा, ते सभ्यतेचं आहे. मग विचारा: माझ्या जागेवर सध्या कितव्या वर्षाची किती मुलं आहेत, त्यातली या मे महिन्यात किती जाणार? गेल्या दोन वर्षांत बाहेरच्या देशांतून आलेली किती मुलं अजून संघात आहेत? पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी किती मिनिटं मिळाली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःही वेबसाइटवरच्या आकडेवारीतून काढू शकता, आणि कोचने दिलेलं उत्तर त्याच्याशी जुळतं का हे बघू शकता. तसंच आताच्या संघातल्या एका परदेशी खेळाडूशी बोलायचंय म्हणून सांगा. चांगला कोच आनंदाने नंबर देतो. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

व्हिडिओ कॉल ठरला की मुलालाच बोलू द्या. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, रोज परदेशी पोरांशी बोलून आम्हाला त्याची सवय असते. तुम्ही कॅमेऱ्याच्या बाहेर बसा आणि खर्चाचा विषय निघाला की मगच पुढे या. वडीलच सगळं बोलत होते, असा शेरा आम्ही नावासमोर टिपून ठेवतो, आणि भरतीच्या बैठकीत तो पुन्हा वाचला जातो.